घरचा दवाखाना : काचेच्या टाकीतली कोलंबी



या सदरात आम्ही आजवर रक्तदाब, साखर, गुडघे आणि रात्रीची झोप यांच्याबद्दलच लिहीत आलो. या वेळी मात्र पत्र आले ते एका नऊ वर्षांच्या वाचकाचे. त्याच्या घरी काचेची टाकी आहे. तिच्यात मासे आहेत आणि लाल रंगाच्या इवल्या कोलंब्या आहेत. मासे मजेत आहेत, कोलंब्या मात्र मरतात, तर असे का, हा त्याचा प्रश्न. पत्र आईने मराठीत लिहून दिले आहे, खाली सही त्याची स्वतःची, हिब्रूत. प्रश्न आम्हाला फार आवडला. चांगला डॉक्टर असाच विचारतो : एकाला झाले, दुसऱ्याला का नाही?

आजी-आजोबांपैकी काहीजण म्हणतील, कोलंबी आणि आपल्या घरात? अहो, खाण्याची नव्हे, बघण्याची! कोकणात असताना शेजारच्या घरांतून कोलंबीच्या कालवणाचा वास यायचा, पण खवले आणि पर नसलेले आपल्या चुलीवर चढत नसे. आता नातवंडे तीच कोलंबी काचेत ठेवतात आणि तिला काकडी भरवतात. ही जात वेगळी, गोड्या पाण्यातली, मूळची चीन-तैवानकडच्या ओढ्यांतली. शास्त्रीय नाव निओकारिडिना डेव्हिडी. दुकानात ‘चेरी श्रिंप’ म्हणून मिळते. लांबी दोन ते तीन सेंटीमीटर, आयुष्य एक-दीड वर्षाचे, फार तर दोन. आईच्या पोटाखाली वीस-तीस अंडी चिकटलेली असतात आणि ती पायांनी त्यांना सारखा वारा घालत असते. साधारण महिन्याभराने पिल्ले निघतात. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, पण आईसारखीच हुबेहूब. टाकीसमोर खुर्ची टाकून बसलात तर तास कुठे गेला कळत नाही. टीव्हीवरच्या बातम्यांपेक्षा रक्तदाबाला ते बरे.

तर आता प्रश्नाकडे. कोलंबी ही माशाची बहीण नव्हे. ती नात्याने झुरळ, डास आणि कोळी यांच्या जवळची : सांध्यांचे पाय, अंगावर कवच, आत हाडे नाहीत. म्हणून झुरळाला मारायला जे औषध बनवले ते कोलंबीला आधी मारते. औषधाला काय ठाऊक की हा शत्रू आणि ही पाहुणी! मासा त्या मानाने दूरचा, म्हणून थोडे विष तो पचवतो. हे एक कारण.

दुसरे कारण आम्ही नर्स लोक रोज हाताळत आलो. लहान मुलाच्या औषधाचा डोस वजनावर मोजतात. पंधरा किलोच्या मुलाला साठ किलोच्या माणसाची गोळी दिली तर काय होईल ते सांगायला नको. कोलंबीचे वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि ती तर चोवीस तास औषधातच पोहत असते, कल्ल्यांतून तेच पाणी आत घेते. आपल्याला वाटते, जरासाच फवारा मारला. डासांच्या फवाऱ्यात परमेथ्रिनसारखी जी औषधे असतात, ती लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकीसुद्धा नसली तरी कोलंबीचा जीव घेऊ शकतात. तो ‘जरासा’ तिच्यासाठी समुद्राएवढा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याच इमारतीत, अश्दोदमध्ये, असा प्रकार घडला. वाद-बायितने जिन्यातल्या झुरळांसाठी मदबीर बोलावला. (इमारतीच्या कमिटीला हिब्रूत ‘वाद’ म्हणतात, आणि मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.) मदबीरने सकाळी सगळा जिना फवारला. तिसऱ्या मजल्यावरच्या घराचे दार वाऱ्यासाठी उघडे होते आणि दारापाशीच त्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलाची टाकी. संध्याकाळी तो शाळेतून येऊन बघतो तर कोलंब्या वेड्यासारख्या पाण्यात गरगर फिरताहेत, आपटताहेत, काही उताण्या पडून नुसते पाय झाडताहेत. सकाळपर्यंत चाळीसेक मेल्या. दोन गप्पी मासे आणि गोगलगायी जिवंत.

पोराला घरात सगळे म्हणाले, तू खाणं जास्त घातलंस. तोही तसेच समजून बसला. रडला नाही, पण जेवलाही नाही. त्याची आजी आमच्याकडे आली ती टाकीसाठी नव्हे, नातवासाठी.

आम्ही वॉर्डात नवा पेशंट आला की विचारायचो तसेच विचारले. केव्हा सुरू झाले? एकदम की हळूहळू? आधीच्या चोवीस तासांत नवीन काय झाले? नवे खाणे, नवे झाड, पाणी बदलले, कोणी औषध मारले? उत्तर तिथेच मिळाले. जास्त खाण्याने पाणी कुजते, पण ते दिवसांच्या हिशेबाने. आज एक, परवा दोन. एकाच संध्याकाळी सगळ्याजणी गरगरू लागल्या, तर विष मज्जातंतूंचे, आणि फवाऱ्यातली ही औषधे काम करतात ती तिथेच. गोगलगायींना आणि माशांना तेवढी मात्रा बाधली नाही, हाही पुरावा. त्या मुलाला आम्ही समोर बसवून सांगितले, बाळा, तुझ्या हातून काही झालेले नाही. आजीला वेगळे सांगितले की आता घरात हे पुन्हा कोणी काढू नका.

पण झाकण लावलेल्या टाकीत विष शिरले कसे? बुडबुडे काढणारा छोटा पंप असतो ना, त्याने! तो खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. खोलीत जे उडते ते तो प्रामाणिकपणे टाकीत नेऊन पोचवतो. म्हणून घरात किंवा जिन्यात फवारणी असेल त्या दिवशी आधी पंप बंद करावा, टाकीवर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा, त्यावर ओला टॉवेल टाकावा. फवारणी झाल्यावर खिडक्या उघडून खोली चांगली हवेशीर करावी आणि मगच कागद काढून पंप सुरू करावा. दोन-तीन तास टाकी तशी राहिली तर चालते, मात्र खच्चून भरलेली टाकी असेल तर लक्ष ठेवा. त्याहून बरे म्हणजे टाकी दुसऱ्या घरी पाठवावी. आणि सर्वांत बरे म्हणजे मदबीरला सांगावे की आमच्या दारापाशी फवारा नको, जेलचे ठिपके लाव. कोपऱ्यात, बिजागरीमागे लावायचा तो जेल हवेत उडत नाही. दम्याच्या माणसालाही तो सोयीचा.

डासांच्या भिंतीत खोचायच्या वड्या आणि द्रवही याच कुटुंबातले. टाकी असलेल्या खोलीत त्या नकोत, जाळी बसवा. आणि डबीवर ‘नैसर्गिक’ लिहिले आहे म्हणून फसू नका. पायरेथ्रम हे औषध शेवंतीच्या जातकुळीतल्या फुलातूनच काढतात, अगदी नैसर्गिक, आणि कोलंबीला तितकेच घातक. कुत्र्या-मांजरांच्या मानेवर पिसवांसाठी जे थेंब टाकतात त्यांचेही तेच. थेंब टाकलेल्या कुत्र्याला कुरवाळून तोच हात पाण्यात घालायचा नाही. (जाता जाता : परमेथ्रिनचे कुत्र्याचे थेंब मांजराला कधीही लावू नका. मांजराचे शरीर ते मोडू शकत नाही, जीव जातो.)

आता हातांबद्दल, मुलांनो, हे तुमच्यासाठी. हातावर डासांचे मलम, उन्हाचे क्रीम, जंतुनाशक जेल, आजीच्या गुडघ्याचे तेल, काय काय असते! टाकीत हात घालण्याआधी कोपरापर्यंत हात धुवा आणि साबणाचा अंशही उरणार नाही असे साध्या पाण्याने खळखळून पुन्हा धुवा. टाकीची बादली, मग आणि कापड वेगळे ठेवा. त्या बादलीला साबण कधी लागता कामा नये. आपल्या घरात मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, हे तुम्ही लहानपणापासून बघता, तेव्हा तिसरी एक बादली कोलंबीची सांभाळणे तुम्हाला जड जाऊ नये. तिच्यावर लाल फीत बांधा म्हणजे पेसाहच्या साफसफाईत कोणी एकोनोमिका ओतणार नाही.

एकोनोमिकाचे नाव निघाले म्हणून आजी-आजोबांना दोन शब्द. ती क्लोरीनचीच बहीण. नळ, सिंक चुनखडी घालवण्याच्या आम्लाने धुऊन त्यावरच एकोनोमिका ओतू नका. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. आणि उरलेली एकोनोमिका शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजच मोडावी. लहान मूल बाटली बघते, चिठ्ठी वाचत नाही. नोकरीत आम्ही जे पाहिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतेच. आपल्यासाठी ते भले, त्याने कॉलरा-टायफॉईड दूर राहतो. कोलंबीच्या कल्ल्यांना मात्र ते भाजते. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते, बुडबुडे सोडले तर लवकर. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाईन घालतात, ते असे उडत नाही. म्हणून दुकानातले पाण्याचे औषध थेंब मोजून घालावे, दोन्हींवर चालणारे बघून घ्यावे. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. चार थेंब लिहिले असतील तर चारच. जास्त घातल्याने जास्त फायदा होतो ही समजूत आमच्या पेशंटांचीही असायची.

दूदचे गरम पाणी टाकीत घालू नये, गार पाण्यात मिसळूनही नको. ते लोखंडाच्या टाकीत आणि धातूच्या नळ्यांत तासन्‌तास पडून असते, आणि गरम पाणी धातू जास्त विरघळवते. पहाटेचे पहिले पाणीही झाडांना द्या, नळ मिनिटभर वाहू द्या, मग कोलंबीची बादली भरा.

आणि आता तांब्या. काहींच्या घरी गावाकडून आणलेला तांब्याचा तांब्या अजून आहे, रात्री भरून ठेवतात, सकाळी पितात. प्या खुशाल, बेताने प्या. पण प्रेमाने त्यातला पेलाभर नातवाच्या टाकीत ओतू नका. कोलंबीला सर्वांत जास्त भय तांब्याचे. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालवून घेते. कोलंबी त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरते. गंमत अशी की तिच्या रक्तातच तांबे असते. आपले रक्त लोहाने लाल, तिचे तांब्याने निळसर, आणि त्या तांब्यावरच ती प्राणवायू वाहून नेते. मग तेच विष कसे? आपल्याकडच्या लोहाच्या गोळ्या आठवा. बाळंतिणीला रोज एक गोळी म्हणजे औषध. त्याच गोळ्या रांगत्या मुलाने मूठभर खाल्ल्या तर त्याला धावत दवाखान्यात न्यावे लागते. कोलंबीच्या खाण्याच्या डबीवर घटकांत तांबे लिहिलेले असते, ते पाहून काही मुले घाबरतात. ते नखाएवढे, तिच्या गरजेपुरते. त्याने काही होत नाही.

आमच्या छोट्या पत्रलेखकाचे उत्तर बहुधा इथेच आहे. पत्रात एक ओळ होती की माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते म्हणून दुकानदाराने निळे औषध दिले. पांढऱ्या ठिपक्यांच्या कितीतरी औषधांत तांब्याचे क्षार असतात, काहींत फॉर्मॅलिन किंवा मॅलाकाईट ग्रीन. मासा ते सोसतो, ठिपके जातात. कोलंबी सोसत नाही. म्हणून बाळा, आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून औषध द्यायचे, जसे आम्ही गोवराच्या मुलाला वेगळ्या खोलीत ठेवायचो. बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते आईकडून वाचून घे. आजीकडून नको, तिला चष्मा शोधावा लागेल.

विष बाहेरूनच येते असेही नाही. नव्या टाकीत उष्ट्या खाण्याचा आणि विष्ठेचा अमोनिया होतो. तो खाणारे जंतू एक तयार होतात, ते त्याचे नायट्राईट करतात, ते पुन्हा विषच. मग दुसरे जंतू येतात आणि त्याचे नायट्रेट करतात, जे थोडे असले तर चालते. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणी आणि झाडेच ठेवायची. मुलांना धीर धरवत नाही, हे कळते. पण दुकानातल्या तपासणीच्या थेंबांनी बघा, अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आल्याशिवाय कोलंबी आणायची नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापले की अमोनिया आणखी जहाल होतो आणि पाण्यात प्राणवायूही कमी राहतो. २८ अंशांच्या वर पाणी जाऊ देऊ नका, मझगान असलेल्या खोलीत टाकी ठेवा.

आपल्या पाण्याची आणखी एक गोष्ट. २००५ साली अश्कलोनचा कारखाना सुरू झाला, मग पाल्माखिम, हदेरा, सोरेक, अश्दोद. आता किनाऱ्याकडे नळाला येणारे पुष्कळसे पाणी समुद्राचे, मीठ काढलेले. ते स्वच्छ आहे, पण मीठ काढताना मॅग्नेशियमही जाते. चुनखडीतून कॅल्शियम परत घालतात, मॅग्नेशियम तसे राहून जाते. कोलंबी दर काही आठवड्यांनी कवच टाकते आणि नवे कवच घडवायला तिला दोन्ही लागतात. एकएक कोलंबी कात टाकताना अडकून मरत असेल तर ते विष नसून ही उणीव असू शकते. पाण्याचा कठीणपणा तपासा, कमी असेल तर कोलंबीचे क्षार विकत मिळतात. मुलांनो, तळाशी पारदर्शक रिकामे कवच दिसले तर ‘मेली’ म्हणून ओरडू नका. ती कुठेतरी पानाआड लपून नवे कपडे वाळवते आहे. कवच काढू नका, ती ते खाते.

नवी झाडे आणाल तीही एकदम टाकीत नकोत. दुकानात येण्याआधी त्यांच्यावर कीटकनाशक मारलेले असू शकते. दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, पाणी बदलत राहा. पालकाचे पान, किशूचा काप देण्याआधी सोलून, धुऊन, उकडून घ्या. बाजारच्या पालेभाजीचा भरवसा आपल्यालाच नाही, तर कोलंबीला कुठून असेल!

सगळे करूनही विष शिरलेच तर? घाबरून सगळे पाणी एकदम फेकू नका. वाचलेल्यांना स्वच्छ, तेवढ्याच उबेच्या पाण्यात हलवा, म्हणूनच एक बादली नेहमी भरून ठेवावी. टाकीत सक्रिय कोळसा घाला. विष प्यालेल्या माणसाला दवाखान्यात काळा कोळसा पाजतात ना, तसाच. फवाऱ्याचे विष तो धरतो. तांब्यासारखा धातू तो तितकासा धरत नाही. माणसाच्या पोटातले लोहही त्याने पकडले जात नाही, हे आम्हाला शिकताना पाठ करायला लावले होते. तिथे पाणी थोडे-थोडे बदलत राहणे आणि धातू धरणारी राळ हाच उपाय. फवाऱ्याचे विष गाळात आणि स्पंजात दडून बसते, म्हणून स्पंज नवा घ्यावा, गाळ उपसावा, काही आठवडे थांबावे आणि मग दोन-तीनच कोलंब्या सोडून बघाव्या. त्या पंधरा दिवस नीट राहिल्या तर बाकीच्या.

आमच्या इमारतीतल्या मुलाने असेच केले. वाद-बायितच्या फळ्यावर आता मदबीर यायच्या दोन दिवस आधी चिठ्ठी लागते. त्यासाठी आम्हाला तीन मीटिंगांना बसावे लागले आणि एका गृहस्थांनी विचारले की चार कोलंब्यांसाठी एवढे कशाला. आम्ही सांगितले, पहिल्या मजल्यावर दमेकरी आहेत आणि दुसऱ्यावर तान्हे बाळ आहे, चिठ्ठी त्यांच्याही कामाची. मग हात वर झाले.

पत्र पाठवणाऱ्या बाळाने निळ्या बाटलीवरचे लेबल फोटो काढून पाठवावे. बाकीच्यांनी आपापल्या औषधांच्या याद्या पाठवाव्या, पुढच्या अंकात म्हाताऱ्या माणसांनी एकावेळी घ्यायच्या गोळ्यांबद्दल लिहायचे आहे.